आफ्रिकानस हे आडनाव नाही हो!

आज पुन्हा तेच फिरतंय: ‘रोमचा शत्रू हॅनिबल याला हरवणारा रोमन सेनापती सिपिओ, आडनाव आफ्रिकानस.’ खाली टाळ्यांचा पाऊस. अहो, आडनावच म्हणायचं तर कॉर्नेलियस म्हणा! पुब्लियस हे स्वतःचं नाव, कॉर्नेलियस कुळाचं, सिपिओ (अर्थ काठी) त्या कुळातल्या शाखेचं. आफ्रिकानस हे चौथं, इ.स.पू. २०२ मध्ये आफ्रिकेतल्या झामाची लढाई मारल्यावर वरून चिकटलेलं. बारशाला, म्हणजे जन्मानंतर नवव्या दिवशी, पोराला फक्त पुब्लियस मिळालं.

आणि हे चौथं नाव नुसत्या मिरवण्यासाठी नव्हतं. रोमनांच्या वापरातली पहिली नावं जेमतेम दीड डझन, म्हणून शिलालेखात एक-दोन अक्षरांत भागतं. ‘पी’ पुब्लियस, ‘एल’ लुसियस, पण ‘सी’ म्हणजे गायस, कारण ही सवय लॅटिनला ‘जी’ हे अक्षर मिळण्याआधीची. इथे भलेभले घसरतात. सिपिओच्या घरी तर तो स्वतः पुब्लियस कॉर्नेलियस सिपिओ, मुलगा तोच, नातूही तोच! ओळखायचं कसं? तो नातू दत्तक, जन्माने एमिलियस घराण्यातला, म्हणून शेवटी एमिलियानस. त्याने इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज, हॅनिबलचं आफ्रिकेतलं शहर, पाडलं आणि तोही आफ्रिकानस. आजोबांकडून वारशानेही ते त्याच्याकडे येतच होतं, मान्य. अशा चौथ्या नावासाठीचा ‘अग्नोमेन’ हा शब्द पुढच्या व्याकरणकारांचा, तेही मान्य. म्हणून ते आडनाव होत नाही!

बरं, सगळीच टोपणनावं मानाची कुठली? सिसेरो म्हणजे हरभरा. फाबियस मॅक्सिमसच्या ओठावर चामखीळ, म्हणून तो व्हेरुकोसस, चामखीळवाला. मार्क अँटनीच्या बापाने क्रीटच्या लोकांकडून सपाटून मार खाल्ला, तर लोकांनी त्याला क्रेटिकस केलं. काय जीभ होती या लोकांची!

राग खरा येतो तो मुलींवरून. आफ्रिकानसच्या दोन मुली, दोघीही कॉर्नेलिया. एक मोठी, एक धाकटी, संपलं. कुळाच्या नावाचं स्त्रीलिंग केलं की काम झालं. धाकटीच्या पुतळ्याचा चौथरा रोमला कॅपिटोलिन संग्रहालयात आहे. रिवाजाप्रमाणे त्यावर बापाचं पहिलं नाव हवं, ‘पुब्लियसची मुलगी’ असं. तिथे कोरलंय: ‘कॉर्नेलिया, आफ्रिकानसची मुलगी, ग्रॅकसांची’ (म्हणजे ग्रॅकस भावांची आई).