तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये भरतात तो द्रव. ‘कूलंट हा गॅरेजवाल्यांचा धंदा आहे, नळाचे पाणी पुरते’ असा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो खरा मानून अंधेरीच्या माझ्या मामांनी गाडीत नळाचे पाणी भरायचे ठरवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

त्यातला सर्वांत घातक सल्ला असा : गाडी तापली की लगेच रेडिएटरचे झाकण उघडून गार पाणी ओता. असे लिहिणाऱ्याला त्याचे परिणाम ठाऊक तरी आहेत का? ही यंत्रणा दाबाखाली चालते. बहुतेक गाड्यांच्या झाकणातली झडप सुमारे 1 बार, म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा, जादा दाब धरून ठेवते आणि त्या दाबाला साधे पाणीसुद्धा 120 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. झाकण सैल होताच दाब उतरतो, शंभराच्या वर तापलेल्या द्रवाची क्षणात वाफ होते आणि ती उकळत्या पाण्यासह वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येते. वाफ कोंडलेल्या कुकरचे झाकण जबरदस्तीने काढण्यासारखाच हा प्रकार आहे. शिवाय गार पाण्याने इंजिनाचे तापलेले अ‍ॅल्युमिनियमचे हेड (वरचा भाग) तडकू शकते. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत गरम झाकण उघडू नये अशी स्पष्ट ताकीद असते. संदेश पुढे ढकलण्याआधी तेवढे पान वाचावे. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण गार होऊ द्यावे.

‘मुंबईत पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला?’ असेही संदेश विचारतो. गोठत नाही, हे खरे. गार झालेल्या इंजिनात गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरते स्वच्छ पाणी घातले तर चालते, हेही नाइलाजाने मान्य. पण कूलंट केवळ गोठण्याविरुद्ध नसते. त्यातली गंजरोधक द्रव्ये रेडिएटर आणि वॉटर पंप आतून जपतात, तर बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यातले क्षार आत साचतात, धातू खातात आणि त्यातूनच पुढे गळती लागते.

गळती थांबवायला हळद किंवा अंड्याचा पांढरा बलक टाका, असाही सल्ला त्यात आहे; त्याने रेडिएटरच्या बारीक नळ्याच तुंबतील.

‘गाडीखालचे पाणी एसीचेच असते’ हे संदेशातले वाक्यही नेहमी खरे नाही. एसीचे पाणी रंगहीन असते. कूलंट रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असते. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि कुत्री-मांजरे ते चाटतात, म्हणून सांडलेले लगेच धुऊन काढावे.

गळती बहुधा चिरलेला होज पाइप, सैल क्लिप, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा जोड किंवा पंपाचे सील येथे सापडते. बाहेर थेंबही न दिसता टाकीतली कूलंटची पातळी उतरत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट (इंजिन आणि हेड यांमधले सील) गेल्याची शंका घ्यावी आणि गाडी न चालवता टो करून न्यावी.