दिवटा चिरंजीव

"बॅटरी धर" हे दोन शब्द ऐकले की माझ्या पोटात आजही गोळा येतो.

बॅटरी म्हणजे विजेरी. गाडीतली ॲसिडवाली बॅटरी वेगळी. हा फरक मी वयाच्या आठव्या वर्षी शिकलो. अण्णांनी बॉनेटखालून हात लांब करून "बॅटरी दे" म्हटलं आणि मी त्यांनी शेजारी काढून ठेवलेली ती काळी ठोकळाबॅटरी पोटाशी धरून उचलायला गेलो. ती तसूभरही हलली नाही. चड्डीलाही तेव्हा काही झालं नाही, मात्र धुऊन वाळत घातल्यावर तिची चाळण झाली होती. "विज्ञानाच्या मास्तरचा मुलगा," एवढंच आई म्हणाली आणि चड्डीचं फडकं करून तिने ते गाडी पुसायला दिलं.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. १९८५ चं मॉडेल, अण्णांनी १९९१ मध्ये साताऱ्यातच सेकंडहँड घेतलेलं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टीअरिंगलाच, आणि पुढे सलग बाकडं, ज्यावर तिघं बसत आणि लग्नसराईत चौघं. सगळी आळी तिला फियाट म्हणे. पद्मिनी म्हणायची फक्त आई, तेही रविवारी दुपारी दोन वाजता जेवण गार झालं की. "त्या पद्मिनीलाच म्हणावं, वाढ आता."

कारण रविवार तिचा होता. सकाळी अण्णा जुनं धोतर पसरून त्यावर पाने मांडत. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, पूजेची उपकरणी मांडावीत तसे. मग पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, प्लग काढून पेट्रोलमध्ये बुडवायचे, कार्बोरेटरच्या जेटमध्ये तोंडाने फुंकर मारायची. गाडी बंद असली तर चालू व्हावी म्हणून, आणि चालू असली तर का चालू आहे ते बघायला.

मी बॅटरीवर. वरवर हे काम कुणालाही जमेलसं वाटतं. पण अण्णांना जिथे बघायचंय तिथे उजेड हवा असे, आणि कुठे बघायचंय हे ते सांगत नसत. ते डोकं आत घालत, मग माझा उजेड त्यांच्या टकलावर पडे. मी दुसऱ्या बाजूला गेलो की सावली पडे. खाली वाकलो की थेट डोळ्यांत. एव्हाना एखादा वायसर ओघळून इंजिनाच्या पोटात कुठेतरी टिण्ण करून नाहीसा झालेला असे, आणि त्याचा दोष प्रकाशव्यवस्थेकडे येई. "जरा उजेड पाड!" अण्णा ओरडत. हेच वाक्य ते माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना म्हणत, फक्त आवाज खालचा असे. कुलदीपक म्हणवून घेण्याचं भाग्य काही मला लाभलं नाही. पण दिवटा चिरंजीव हा शब्द माझ्याइतका अक्षरशः कुणी जगला नसेल.

अण्णा वर्गात तासभर बोलत, घरी मात्र मोजकंच. माझ्याशी त्यांचं जे काही बोलणं झालं ते बॉनेटखाली झालं. त्यातलं सगळ्यात जास्त वेळा झालेलं म्हणजे "एक-तीन-चार-दोन." चार सिलिंडर याच क्रमाने पेटतात, म्हणून डिस्ट्रिब्यूटरच्या वायरी याच क्रमाने लावायच्या. पाढे चुकले तर चालत, हे नाही. सोळाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा बॅटरी स्वतःच्या हातात घेतली आणि वायरी माझ्या हातात दिल्या. मी एक-दोन-तीन-चार लावल्या. मला ते जास्त सुसंस्कृत वाटलं. सेल्फ मारल्याबरोबर सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या काकू तुळशीला घालत होत्या ते पाणी त्यांनी स्वतःवर घेतलं. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बॅटरी माझ्या हातात परत दिली.

गाडीची खरी कसोटी खंबाटकीत. मे महिन्यात पुण्याचं लग्न उरकून येताना घाटाच्या मध्यावर ती हटकून बसे. इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर तहानलेला राहतो. त्या पंपाला मेकॅनिक लोक एसी पंप म्हणतात. गाडीत एसी तेवढा एकच. उपाय सोपा, पंपावर ओलं फडकं ठेवायचं. पण त्या दिवशी आम्ही लग्नाच्या कपड्यांत होतो आणि माझी ऐतिहासिक चड्डी घरी राहिली होती. अण्णांनी गाडीत नजर फिरवली. आत्याच्या मांडीवर ओटीची पिशवी होती. तिच्यातला नवाकोरा खण निघाला, कळशीतल्या पाण्यात भिजला आणि पंपावर चढला. "नारळ पण ठेव," आत्या म्हणाली, "म्हणजे सगळीच ओटी भरली." वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. लग्नात तोंड पाडून बसलेले अण्णा घाट संपेपर्यंत शीळ घालत होते.

मी नोकरीला पुण्यात आलो तसं वाटलं, सुटलो. पण पुण्यात नाना पेठ आहे, आणि तिथे गाड्यांचे सुटे भाग मिळतात. दर शनिवारी फोन. "कसा आहेस? बरं, त्या पंपाचा पडदा बघ." यात "कसा आहेस"चं उत्तर देण्यापुरती जागा नसे. २००१ च्या आसपास गाडीचं उत्पादनच बंद झालं, पण मुंबईच्या टॅक्स्या होत्या तोवर अण्णांना धीर होता. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही वयोमर्यादेने रस्त्यावरून उतरली. पेपरात ती बातमी वाचून अण्णांनी चहा अर्धा टाकला. आई म्हणाली, सुतक किती दिवसांचं धरायचं ते सांगा, म्हणजे त्या हिशेबाने भाजी आणते.

दरम्यान मी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. अण्णांना दाखवायला नेली. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. आत इंजिनावर आणखी एक प्लॅस्टिकचं झाकण. "डब्यात डबी," ते म्हणाले आणि आत निघून गेले. त्यांच्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं, फी ६०० वरून ५००० रुपयांवर गेलेली. मी भीतभीत म्हटलं, "अण्णा, आता मोडीत काढू या का?" तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मोडीत निघण्याच्या यादीत माझा नंबर वरचा असावा.

आणि मग या दिवाळीत माझ्या चिरंजीवांनी दगा दिला.

तो चौदा वर्षांचा. मला वाटलं होतं, मोबाइलमधून डोकं काढणार नाही. पण मोबाइलमध्ये तो बघत काय होता, तर कार्बोरेटर कसा सोडवायचा! दुपारी चारला तो अण्णांजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "आजोबा, मिक्श्चर रिच आहे का हो? प्लग काळे पडलेत." अण्णांचा हात थांबला. त्यांनी काहीही न बोलता दहा-अकराचा पाना त्याच्या हातात दिला. दहा-अकराचा! तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेत मला फार तर पान्यांवरची धूळ पुसायला मिळाली.

"एक-तीन-चार-दोन," अण्णा म्हणाले.

"माहितीये," पोरगं म्हणालं.

दोन्ही डोकी बॉनेटखाली गेली. मी खुर्ची घेऊन वर्तमानपत्र उघडलं. अंधार पडायला लागला तसा आतून आवाज आला. दोघांपैकी कुणाचा ते कळलं नाही, कारण सूर एकच होता. "बॅटरी धर."

मी मोबाइलचा दिवा लावून उभा राहिलो. ऑफिसचा फोन आला, मोबाइल हातात थरथरला आणि उजेड भिंतीवर गेला. "बाबा, लक्ष कुठंय तुझं? नीट धर ना!" अण्णांनी डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे बघितलं आणि नातवाला समजुतीच्या स्वरात म्हणाले, "त्याचं असंच आहे पहिल्यापासून."

सातला गाडी सुरू झाली. एका धक्क्यात, धक्का मीच दिला. पुढच्या बाकड्यावर तिघांची जागा होती, पण पळती गाडी थांबवली तर बंद पडेल म्हणून ते दोघे तसेच पुढे गेले. राजवाड्यावर कंदी पेढे घेऊन पोवई नाक्यावरून येतो, असं काहीतरी खिडकीतून ऐकू आलं. मी हात धुतले, जे फारसे काळे नव्हतेच.

साडेआठला फोन वाजला. "बाबा, गोडोलीपाशी बंद पडलीये. तू ये ना. आणि बॅटरी घेऊन ये."

"कुठली?" मी विचारलं.

मागून अण्णांचा आवाज आला. "दोन्ही आणायला सांग. आणि उचलताना चड्डी सांभाळ म्हणावं."