1986 पासून खेळणाऱ्यांसाठी काही नम्र सूचना

आपण 1986 पासून डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, एकेकाने एकेक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ) खेळता, हे आम्हाला ठाऊक आहे. आपणच सांगितलंत. दारात चपला काढताना सांगितलंत, पंख्याखालची खुर्ची निवडताना सांगितलंत, आणि चहात साखर किती असं विचारलं तर "अर्धा चमचा. एटी-सिक्सपासून खेळतोय मी," असं उत्तर आलं. साखरेचा आणि एटी-सिक्सचा संबंध मला अजून लागलेला नाही, पण अनुभवी माणसाचं बोलणं सगळंच लगेच कळलं पाहिजे असं थोडंच आहे.

मी पडलो 2016 चा. खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर वाढलेलं पोर. कोथरूडला जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही पाच जण महिन्यातून दोन शनिवार खेळतो. म्हणजे ठरतात दोन, होतो एक. (कारणं विचारू नका. तुमच्याही ग्रुपवर तीच येतात.) डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियमांचा निवाडा करणारा, मी. गेल्या शनिवारी आमच्यात एक ज्येष्ठ खेळाडू दाखल झाले. विस्कॉन्सिनला एमएस, मग तिकडेच नोकरी, आता निवृत्त होऊन बाणेरला. त्या साडेचार तासांत मी जे शिकलो, ते त्यांच्या पिढीतल्या इतरांनाही उपयोगी पडावं म्हणून हा प्रपंच.

तर, ज्येष्ठहो, सुरुवात नेहमी इतिहासाने करावी. समोरची मुलं कॅरेक्टर शीट (आपल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद) काढून, पेन्सिलीला टोक करून बसलेली असली तरी घाई नाही. या खेळाचं जन्मगाव लेक जिनिव्हा आपल्या हॉस्टेलपासून गाडीने दीड तासावर होतं, हे आधी येऊ द्या. मग 1974 साल, खेळाचे जनक गायगॅक्स आणि आर्नेसन, लाकडी नक्षीचा तो पहिला खोका, त्याच्या जेमतेम हजार प्रती. (खोका म्हणजे खरोखरचा पुठ्ठ्याचा. आपल्याकडचा नव्हे.) त्यातला एक आपल्या मित्राच्या थोरल्या भावाकडे होता म्हणे. मग फाशांवरचे अंक मेणखडूने कसे भरायचो. हे मला मनापासून आवडलं, खोटं कशाला बोलू. 1979 च्या सुमाराला फाशांचा इतका तुटवडा होता की खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या यायच्या, हे तर मी वहीत टिपून ठेवलं. पण पाच वाजता सुरू होणारा खेळ पावणेसहाला सुरू झाला, त्याची टीप कुठे ठेवू?

आपल्या कॅरेक्टरला काय काय येतं, हे वाचून येऊ नये. ते नवख्यांचं काम.

डीएमने कोणत्याही प्राण्याचं वर्णन सुरू केलं की दुसऱ्याच शब्दाला त्याचं नाव सांगून टाकावं. मी दोन संध्याकाळी बसून लिहिलं होतं: अंधारात आधी वास येतो, कुजलेल्या माशांचा, मग गुडघ्यापर्यंत लोंबणारे हात... "ट्रोल," ज्येष्ठ म्हणाले. "आग किंवा ॲसिड. नाहीतर जखमा भरून येतात." आता त्यांचं कॅरेक्टर म्हणजे एकोणीस वर्षांचा धनगराचा मुलगा. गावाबाहेर पडून त्याला चार दिवस झालेले. त्याने आजवर पाहिलेला सगळ्यात भयंकर प्राणी म्हणजे पाटलाचा कुत्रा, हे त्यांनी स्वतःच लिहून दिलेलं. पण चाळीस वर्षांचं ज्ञान असं धनगराच्या घोंगडीत लपवून ठेवता येतं का? चौघांच्या अंगावर येणारा काटा अर्ध्यातच मेला, आणि आम्ही एखाद्या कीटकनाशकाच्या माहितीपत्रकाप्रमाणे पुढे खेळलो.

दारं. प्रत्येक दाराशी थांबावं. दहा फुटी काठीने आधी फरशी ठोकावी, मग चौकट, मग छत. याला कारण आहे, आणि ते रास्त आहे. 1978 साली छापलेल्या एका गाजलेल्या साहसात (म्हणजे खेळायच्या तयार कथेत) भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा आहे, तोंड आ वासलेलं. आत अंधार. त्यात हात घातला की हात गेला, आत शिरलं की माणूस गेला. फासा नाही, बचाव नाही, नवीन कागद घ्या. अशा भुयारांत वाढलेला माणूस दाराला घाबरणारच. पण शनिवारी ज्या दाराशी वीस मिनिटं काठीने ठोकाठोक चालली, ते खानावळीचं दार होतं. आत पिठलं-भाकरी होती.

मध्यंतरात आपल्या चौदाव्या पातळीच्या पॅलाडिनची (धर्मयोद्ध्याच्या पात्राची) गोष्ट सांगावी. मध्यंतर नसेल तर करवून घ्यावं.

आपल्याच टोळीतल्या कुणाच्या पिशवीतून काही चोरलं आणि टेबलावर शांतता पसरली, तर "माझं कॅरेक्टर असंच वागलं असतं" एवढं म्हणावं. पुढे बोलायची गरज नाही.

आता फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र. हा मुद्दा मला दोन ओळींत उरकायचा होता.

खाणीतला बोगदा. दहा फूट रुंद, दहा फूट उंच. समोर ट्रोल, त्याच्यामागे आणखी एक. आमचा जादूगार दिवसा हिंजवडीत टेस्टिंग करतो आणि आठवडाभर याच एका क्षणाची वाट बघतो. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "फायरबॉल." आठ फासे ओंजळीत घेतले, खुळखुळवले. तेवढ्यात ज्येष्ठांचा हात वर. "थांबा. व्हॉल्यूम काढलात का?"

जुन्या नियमात फायरबॉल फुटला की मिळेल ती जागा भरत जायचा. 33,000 घनफूट. मोकळ्या जागी तो वीस फूट त्रिज्येचा गोळा, पण बोगद्यात फुटला तर बंबातल्या वाफेसारखा दोन्ही बाजूंना धावत सुटायचा. ज्येष्ठांनी फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला. दहा गुणिले दहा शंभर. तेहतीस हजार भागिले शंभर, तीनशे तीस. "दोन्हीकडे एकशे पासष्ट फूट," ते प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले. "तुम्ही सगळे मेलात."

गणित बरोबर होतं. मी तपासलं. फक्त तो नियम 2000 साली तिसऱ्या आवृत्तीत निघून गेला. पंचवीस वर्षं झाली त्याला. आता वीस फूट त्रिज्या मोजायची, आतल्यांना लागतं, बाहेरच्यांना नाही, संपलं. मी पुस्तक उघडून परिच्छेदावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "हे हल्लीच्या मुलांसाठी सोपं केलंय." मी म्हटलं, असेल, पण आपण हेच खेळतोय. ते म्हणाले, "लॉजिक नको का?" लॉजिक! अहो, वटवाघळाची शी आणि गंधक बोटांत चोळून माणूस आगीचा गोळा फेकतो, ते बिनबोभाट चालतं, आणि घनफळ तेवढं चुकता कामा नये? मग बोगद्याच्या शेवटी दार आहे का, असेल तर ते उघडं आहे का. मग हवेचा दाब. मग ट्रोलच्या अंगाने व्यापलेली जागा वजा करायची की नाही, हा पोटप्रश्न. चाळीस मिनिटं. बरं, डीएमचा शब्द अखेरचा, आमच्या वेळी कुणाची टाप नव्हती उलट बोलायची, हे याच गृहस्थांनी तासाभरापूर्वी सांगितलेलं! तो पोरगा सगळा वेळ उभा. आधी फासे ओंजळीत, मग एका मुठीत, मग त्याने ते हळूच टेबलावर ठेवले आणि फोन बघायला लागला. वडापाव गार झाले. शेवटी मी जवळजवळ ओरडून "टाक रे" म्हटलं तेव्हा त्याने टाकले. बेरीज बावीस. चांगली की वाईट, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तो खाली बसला.

रात्री भांडी घासताना मी विचार करत होतो की चाळीस वर्षांत यांना हे कुणीच कसं सांगितलं नाही. मग लक्षात आलं, सांगणार कोण? चाळीस वर्षं कॅरम खेळूनही तुमची क्वीन जात नसेल, तर सोसायटीतलं दहावीतलं पोरगं तोंडावर हसतं. बुद्धिबळात रेटिंग आहे, ब्रिजमध्ये मास्टर पॉइंट आहेत. इथे हरणं नाही, निकाल नाही. वाईट खेळलेल्या माणसाला दोन शिक्षा होतात. एक म्हणजे पुढच्या वेळी त्याला ग्रुपवर कळवायचं राहून जातं. दुसरी म्हणजे बाकीचे येईनासे होतात, आणि त्यातून तो असा निष्कर्ष काढतो की हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही. यातून माणूस शिकणार काय? नियम शिकतो. किस्से साठवतो. वार लागायला फाशावर किती पडायला हवं, त्यासाठी एक थॅको नावाचा आकडा काढायचा, चिलखत जितकं भारी तितका चिलखताचा अंक लहान, ती उलटी वजाबाकी पाठ होते आणि 2000 नंतर तिचा उपयोग फक्त दुसऱ्यांना ऐकवण्यापुरता उरतो. शकुनीमामा धर्मराजाबद्दल काय म्हणाला होता? कौंतेयाला द्यूत आवडतं, खेळता मात्र येत नाही. आवड होती म्हणून सवयही होती. राज्य गेलंच.

आणि "आमच्या वेळी" सांगायचंच तर सगळं सांगा. 1978 च्या नियमांच्या पुस्तकात माणसाच्या जातीतल्या पुरुषाचं बळ 18 च्या पुढे शंभर टक्क्यांपर्यंत जायचं आणि बाईचं 50 ला थांबायचं. छापील नियम होता. हा किस्सा शनिवारी आला नाही. त्याऐवजी माझ्या भाचीला "मुलींना थीफ (चोराचं पात्र) छान जमतो" असं सांगण्यात आलं.

भाचीचं सांगायचं मी इतका वेळ टाळतोय.

एकोणीस वर्षांची आहे, फर्ग्युसन रोडवरच्या कट्ट्यांवर बसण्याचं वय. पहिल्यांदाच आली होती. तिने स्वतःच रोग, म्हणजे त्याच चोर-भामट्याचं पात्र, घेतला होता. (हा शब्द फोनवर मोठ्याने बोलल्यामुळे आमच्या ताईने आधी तिचा ताप बघितला.) स्वतःच्या पैशाने बोटाएवढी बाहुली आणली होती, रात्री जागून निळा झगा रंगवला होता. रंग ओठांच्या बाहेर गेला होता, पण डोळे काढले होते. त्या आकारात डोळे काढून बघा.

ट्रोलच्या आधीची गोष्ट. खाणीच्या तोंडाशी एक गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस, पहाऱ्याला. तिची खेळायची पहिलीच वेळ आली. ती बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "मामा, मी त्याला विचारते, तू जेवलास का?"

नऊ वर्षं मी हा खेळ चालवतोय. गॉब्लिनला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तयारी केलेली नव्हती, माझ्या कागदावर त्याच्या नावापुढे फक्त आकडे होते. मी गॉब्लिनचा आवाज काढून म्हटलं, "तीन दिवस नाही." तिने लगेच आपल्या शिधोरीच्या यादीवर बोट फिरवायला सुरुवात केली. बाकीचे तिघं पुढे झुकले. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"अगं, गॉब्लिनशी काय बोलतेस? सात हिट पॉइंटांचा तर जीव असतो त्याचा," ज्येष्ठ म्हणाले. आणि हात लांब करून त्यांनी तिची बाहुली उचलली, गॉब्लिनच्या मागे नेऊन ठेवली, आपल्या पिशवीतला आपला वीस बाजूंचा फासा काढून टाकला. "सतरा. लागला. मेला. चला पुढे."

तिचं बोट यादीवरच होतं.

काका, आता नम्र सूचना पुरे. सरळ बोलतो. तुम्ही फासा टाकलात तो तुमचा नव्हता. पाळी तुमची नव्हती. बाहुली तुमची नव्हती, आणि रंगवलेल्या बाहुलीला दुसऱ्याने विचारल्याशिवाय हात लावू नये हे कळायला एटी-सिक्सपासून खेळावं लागत नाही, बालवाडीत शिकवतात. त्या टेबलावर सगळ्यात कमी खेळलेली ती होती आणि सगळ्यात चांगली खेळी तिची होती. तुम्हाला ती दिसली नाही, कारण तुम्ही बघतच नव्हता. तुम्ही आकडा बघत होतात. माझ्या ओळखीत एक बाई आहेत मुंबईच्या, नव्वदच्या दशकापासून खेळतात. वर्षभर एकत्र खेळलो तरी मला हे माहीत नव्हतं. अडलं की त्या सगळ्यात नवीन माणसाकडे वळून "तुला काय करावंसं वाटतं?" एवढंच विचारायच्या आणि मग खरोखर गप्प बसायच्या. तुम्ही साडेचार तासांत एकदाही कुणाला काही विचारलं नाहीत. चहात साखर आहे का, हेसुद्धा नाही. नाही म्हणून ओरडलात.

आणि मीही गप्प बसलो. वयाचा मान म्हणून. "थांबा, तिला बोलू द्या," हे चार शब्द माझे होते, डीएम मी होतो. त्याबद्दल तिची माफी मागून झाली आहे. "इट्स ओके मामा," म्हणाली, आणि पुढच्या शनिवारी क्लास आहे म्हणाली. शनिवारी संध्याकाळी तिला कसलाही क्लास नसतो.

मी तिला सांगितलंय की तो गॉब्लिन मेलेला नाही. तो फासा मी धरला नाही. तो अजून खाणीच्या तोंडाशी बसलाय, भुकेला, आणि पाळी तिची आहे. ती आली तर तिथूनच सुरू होईल.

तुम्हीही या, काका. पाच वाजता. पंख्याखालची खुर्ची तिची. तुमचा फासा तुमच्या पिशवीत. तिला वेळ लागेल, पाच मिनिटं लागतील, दहा लागतील, ती गॉब्लिनशी भाकरीवर बोलेल नाहीतर त्याच्या आईची चौकशी करेल. तोवर तुम्ही वडापाव खा. गरम असेल.