कोरी पावती

परवा प्रवासाहून परतताना टॅक्सीवाल्याने पावती दिली. सही होती, तारीख होती, रकमेची जागा कोरी. "तुम्हीच भरा ताई, किती पाहिजे ते," म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना तो तशीच देत असणार. पण घरी आल्यावर ती पावती टेबलावर ठेवून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आज लिहायला बसलेय ते त्यामुळेच.

नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मी अशा पावत्यांवर वाढवून आकडे लिहिले आहेत. हे आजवर इथे कधी बोलले नव्हते. रविवारी उपासनेत डोळे मिटून गाणी म्हणायची आणि सोमवारी प्रवासखर्चाच्या फॉर्मवर खोटं लिहायचं. त्या वेळी मला ते पाप वाटतच नव्हतं. एवढी मरमर करतेय, जादा वेळेचे पैसे कोण देतंय? सगळेच लिहितात. एवढ्याशाने कंपनीचं काय जातंय? 'चोरी कर' असा आवाज मनात एकदाही आला नाही. आला असता तर मी घाबरून मागे सरले असते. आवाज यायचा तो 'हे तुझ्या हक्काचं आहे' असा.

मोहाचा विषय निघाला की आपण दारू, जुगार, व्यभिचार इथेच थांबतो. पण अरण्यात सैतानाने येशूची पहिली परीक्षा घेतली ती भाकरीवरून, या धोंड्यांच्या भाकरी कर म्हणाला. 40 दिवस उपाशी असलेल्याने भाकर खाल्ली तर त्यात पाप काय? हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडायचा. मग एकदा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 3 रा आणि 4 था अध्याय सलग वाचले (आपण ते तोडून वाचतो, म्हणून निसटतं) आणि उलगडलं. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो, आकाशातून देवाची वाणी येते, 'हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे'. आणि लगेच अरण्यात सैतान तोंड उघडतो ते 'तू देवाचा पुत्र असशील तर' असं म्हणत. भाकर निमित्त आहे, घाव त्या वाणीवर आहे. बापाने तुला खरंच आपलं म्हटलंय ना, मग उपाशी का ठेवलं? तुझं तूच बघ. एदेन बागेतला सर्पही फळाच्या गोडीबद्दल बोलत बसला नव्हता. देव तुमच्यापासून काहीतरी राखून ठेवतोय, एवढंच त्याने हव्वेच्या मनात घातलं.

माझ्या पावत्यांचंही तेच होतं. माझी काळजी वाहणारा कोणी आहे यावर आतून माझा विश्वासच नव्हता, म्हणून मिळेल तिथून माझं मी ओरबाडत होते.

'मन घट्ट कर' हा सल्ला त्यामुळे मला आता पुरेसा वाटत नाही. निश्चय येशूच्या शिष्याने, पेत्राने, काय कमी केला होता? तुझ्याबरोबर मरावं लागलं तरी तुला नाकारणार नाही म्हणाला, आणि त्याच रात्री गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत असताना त्याला तासभर जागं राहता आलं नाही. प्रभूने त्याला झिडकारलं नाही. आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे, जागे राहा, प्रार्थना करा, एवढंच म्हणाला. जो स्वतः सगळ्या बाबतींत पारखला गेला, त्यालाच हे असं बोलता येतं.

अरण्यात येशू तिन्ही वेळा उत्तर देतो ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या वचनांनी. इस्राएल लोक 40 वर्षं रानात भटकले, अन्नावरून कुरकुरले, पाण्यावरून देवाची परीक्षा पाहिली, त्या सगळ्या आठवणी त्या पुस्तकात आहेत. जिथे ते लोक पडले तिथेच हा उभा राहतो. पण वचन पाठ असलं की झालं असंही नाही. वचन सैतानालाही पाठ आहे, मंदिराच्या शिरोभागी नेऊन 'खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील' म्हणताना तो चक्क 91 वं स्तोत्र म्हणून दाखवतो. त्याला त्यातून बापाला अजमावायचं असतं, येशूला बापाच्या हाती राहायचं असतं. मला स्वतःला हा फरक ओळखायला फार वेळ लागला. 'देव क्षमा करतोच' हेही वचनच होतं ना, आणि मी ते आकडा वाढवताना वापरायचे.

आणि काही ठिकाणी उत्तर देत बसायचंच नाही, निघायचं. योसेफाला त्याच्या मिसरी धन्याची, पोटीफराची, बायको मोहात पाडू लागली तेव्हा त्याने तिच्याशी वाद घातला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. मी गाडीतून उतरायच्या आधी समोरच रक्कम लिहून घ्यायची सवय लावून घेतली आहे. परवा घाईत तेवढं राहिलं.

मला भीती वाटते ती देमासाची, प्रेषित पौलाच्या एका सोबत्याची. फिलेमोनाच्या पत्रात पौल त्याला लूकाच्या बरोबरीने आपला सहकारी म्हणतो. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात मात्र त्याच्यासाठी एवढंच उरलंय, की ऐहिक सुख प्रिय वाटून तो मला सोडून थेस्सलनीकास गेला. मधलं काहीच लिहिलेलं नाही. तो एका दिवसात गेला नसावा असं मला वाटतं. कोणाला कळणारही नाही अशा छोट्या छोट्या आकड्यांनी गेला असावा.

मी तशी गेले नाही, कारण एके दिवशी मंडळीतल्या एका वयस्कर ताईंसमोर रडत रडत सगळं बोलून मोकळी झाले. वाटलं होतं, त्या डोक्यावरून हात फिरवतील. त्यांनी तो फिरवला आणि मग विचारलं, "सगळे मिळून किती झाले गं? हिशेब मांडलास?" दोन रात्री जागून मी हिशेब मांडला. येशू भेटल्यावर लुबाडलेलं चौपट परत करणाऱ्या जकातदार जक्कयासारखी परतफेड नाही जमली, पण वरिष्ठांसमोर उभी राहून सगळं सांगितलं आणि दर महिन्याच्या पगारातून ते पैसे फेडले. सांगताना पाय लटपटत होते. नोकरी राहिली, पण ती जाईल हे धरूनच मी गेले होते. परीक्षेबरोबरच देव निभावायचा उपायही करतो असं पौल करिंथकरांना लिहितो. माझ्या बाबतीत तो उपाय त्या ताई होत्या.

परवाही त्यांनाच फोन लावला. "ताई, कोरी पावती आहे समोर."

"मग लिही की खरा आकडा. मी आहे फोनवर."

त्या तिकडे गप्प, मी इकडे लिहीत. लिहून झालं, पेन ठेवलं, आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, बघ, किती बदललीस तू, आता रविवारी सगळ्यांसमोर याची साक्ष दे. लूक त्याच्या शुभवर्तमानात लिहितो ना, सैतान येशूला सोडून गेला तो संधी मिळेपर्यंत. अंगावर काटाच आला. तेही ताईंना सांगितलं.

"ठेवू नकोस फोन," त्या म्हणाल्या. "प्रार्थना करू."