त्याच चालीवर दोन गाणी

सिंगापूरला येऊन अकरा वर्षं झाली, तरी माझी मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, अजून भाव विचारण्यापलीकडे गेलेली नाही. पण ऑफिसच्या मंडळींबरोबर कराओकेला जाऊन जाऊन चिनी गाण्यांना कान सरावलाय.

परवा आमचा चीनमधल्या चेंगदूचा सहकारी हाँगकाँगचा गायक ईसन चॅनचं 'दहा वर्षं' म्हणत होता, डोळे मिटून, जीव ओतून. तेवढ्यात क्वालालंपूरची मैत्रीण त्याच चालीवर भलतेच शब्द म्हणायला लागली. मला वाटलं, खेचतेय त्याची. तर नाही! ही चाल आधी २००२ साली कँटनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या भाषेत आली, 'पुढच्या वर्षी याच दिवशी' म्हणून. मँडरिन गाणं त्यानंतरचं. झालं, 'खरं' गाणं कुठलं यावर दोघांची जुंपली.

आधी चाल, मग शब्द हे आपल्याकडेही चालतंच. ऱ्हस्वाचं दीर्घ झालं तरी कोण विचारतो? कँटनीजमध्ये ती चैन नाही. सहा सूर आहेत, सूर हलला की शब्दाचा अर्थच बदलतो. चाल जिथे चढते तिथे चढ्या सुराचाच शब्द सापडावा लागतो, नाहीतर विरहगीताचा विनोद होतो. मँडरिनलाही चार सूर आहेत, पण गाताना ते खुशाल सोडून देतात, संदर्भानं कळतं. म्हणून एका भाषेतलं गाणं दुसरीत नेताना बहुतेकदा सगळं नव्यानंच लिहितात.

आता माझा मुद्दा. 'हाँगकाँगच्या गाण्यांचा दर्जा घसरला, म्हणून लोक मँडरिनकडे वळले' हे वाक्य मी इथे शंभरदा ऐकलंय. मला ते पटत नाही. ऐंशीच्या दशकात हाँगकाँगशेजारच्या ग्वांगडोंग प्रांतातली माणसं छपरावर अँटेना लावून हाँगकाँगचे चॅनल पकडायची. उत्तरेकडच्या पोरांनी ओ की ठो न कळता कँटनीज गाणी पाठ केली. त्यातली मेख अशी की गाण्यांचे शब्द बहुतेक प्रमाण लेखी चिनीत असतात. कानाला परकं, पण डोळ्यांना सगळं कळतं!

मग चीनची बाजारपेठ खुली झाली आणि हाँगकाँगचे गायकच मँडरिनकडे धावले. जॅकी चुंगचा १९९३चा मँडरिन अल्बम लाखांनी खपला. २००० साली तैवानचा गायक जे चौ आला. शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटतो म्हणून मोठ्यांनी नाकं मुरडली, पोरांनी डोक्यावर घेतला. आणि सिंगापुरात? इथे १९७९ साली सरकारनं 'मँडरिन बोला' मोहीम काढली, होक्किएन, कँटनीज अशा इतर चिनी भाषांतले कार्यक्रम हळूहळू रेडिओ-टीव्हीवरून गेले. आजीची भाषा नातवाच्या कानावरच पडली नाही, तर त्याची 'आवड' कुठून येणार? मलेशियातल्या क्वालालंपूर-इपोहमध्ये कँटनीज बाजारात बोलली जाते, म्हणून आमच्या मैत्रिणीला ती गाणी अजून आपली वाटतात. इतकं सरळ आहे ते.

हाँगकाँगमध्ये तर २०१८ साली टीव्हीवरच्या स्पर्धेतून 'मिरर' हा मुलांचा ग्रुप निघाला आणि तिथली तरुण पोरं पुन्हा कँटनीज गाण्यांसाठी वेडी झाली. दर्जाच संपला होता, तर हे कुठून आलं?

तर परवा. भांडण मिटवायला आमच्या सिंगापूरच्या सहकारी बाईंनी माईक घेतला. घराणं मूळचं कँटनीज, म्हणून कँटनीज गाणं लावलं. पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, पण तोंडातून निघत होती शुद्ध मँडरिन. क्वालालंपूरवाली हसून लोटपोट. 'अगं, आजीकडून काहीच कसं शिकली नाहीस?' तेव्हा बाईंनी एकच कँटनीज शब्द अगदी अचूक सुरात म्हणून दाखवला. शिवी होती.