मोठं जर्नल, मोठा आकडा, ठळक टक्केवारी: एवढ्यावर भागत नाही

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: 'संशोधनातल्या चुका काढणं हे तज्ज्ञांचं काम. आपण तीनच गोष्टी पाहायच्या: नावाजलेलं जर्नल, भरपूर माणसं आणि मोठी टक्केवारी. तिन्ही असल्या की शंका घेऊ नये.' पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, हे मान्य. पण मी संख्याशास्त्र शिकवते, आणि हा सल्ला माणसाला अगदी नको तिथे गाफील ठेवतो.

आधी जर्नल, म्हणजे संशोधन छापणारं नियतकालिक. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला. ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण. निष्कर्ष असा की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध दिलेल्या कोविड रुग्णांमध्ये मृत्यू जास्त. काही दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला. मग ऑस्ट्रेलियाचा आकडा कुणाच्या तरी डोळ्यांत खुपला. अभ्यासात २१ एप्रिलपर्यंत तिथल्या पाच रुग्णालयांत ७३ मृत्यू दाखवले होते; त्या तारखेला अख्ख्या देशाची नोंद ६७ होती. मूळ नोंदी तपासायला मिळाल्याच नाहीत आणि ४ जूनला लेख मागे घेतला गेला. पीअर रिव्ह्यू करणारे, म्हणजे छापण्याआधी लेख तपासणारे त्याच विषयातले तज्ज्ञ, लेख वाचतात, रुग्णांच्या फायली उघडत नाहीत. पुढे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतही या औषधाचा उपयोग दिसला नाही, पण म्हणून आधीचा लेख खरा ठरत नाही.

'माणसं जितकी जास्त तितका अभ्यास पक्का' हा दुसरा मुद्दा. १९९१ पासून मुंबईत तंबाखू आणि मृत्यू यांचा एक मोठा अभ्यास झाला. मतदार याद्या घेऊन पस्तिशीपुढच्या जवळपास १ लाख लोकांच्या घरी जाऊन माहिती गोळा केली. पण उच्च मध्यमवर्गीय आणि श्रीमंतांचे कॉम्प्लेक्स वगळावे लागले, कारण सुरक्षेमुळे आत शिरणंच कठीण. संशोधकांनी हे लपवलं नाही, लेखातच लिहिलं. म्हणून या आकड्यांवरून 'मुंबईत इतके टक्के लोक तंबाखू खातात' असं म्हणायचं नाही. मात्र त्याच वस्त्यांतल्या तंबाखू खाणाऱ्यांची आणि न खाणाऱ्यांची तुलना बऱ्यापैकी टिकते. अभ्यास तोच, एका प्रश्नाला चालतो, दुसऱ्याला नाही. आणखी लाखभर माणसं घेतली असती तरी गेटबाहेर राहिलेली उणीव भरून निघाली नसती.

कोविड किती जणांना होऊन गेला हे रक्त तपासून पाहणाऱ्या, जुलै २०२० च्या मुंबईतल्या सिरो सर्वेक्षणाचंही तसंच. झोपडपट्टीत ५७ टक्के आणि बाहेर १६ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, आढळल्या, पण फक्त तीन वॉर्डांत: दहिसर, चेंबूर, माटुंगा. '५७ टक्के मुंबईकर' असं त्यातून निघतच नाही.

टक्केवारीवर मला थोडं थांबायचंय, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईत दीड लाख स्त्रियांवर चाचणी सुरू केली. वस्त्यांचे २० गट, चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन भागांत वाटले. एका भागातल्या स्त्रियांची प्रशिक्षित कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. 'पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू ३० टक्क्यांनी घटले' हे वाक्य खरं आहे. आता त्याला प्रश्न विचारा.

कितीतून किती? पन्नाशीपुढच्या दर लाख स्त्रियांमागे वर्षाला, तपासणी न झालेल्या भागात साधारण ३५ मृत्यू, तपासणी झालेल्या भागात २५. म्हणजे लाखात दहा. हा फायदा खराच आहे, पण नुसत्या '३० टक्क्यां'वरून डोळ्यांपुढे येतो तेवढा मोठा नाही. बाकीच्यांचं काय? ३५ ते ६४ वयाच्या सगळ्या स्त्रिया धरल्या तर घट १५ टक्के, आणि ती योगायोगाने आली नसेल असं खात्रीने म्हणता येत नाही. पन्नाशीची रेघ कधी ओढली? निकाल हातात आल्यावर, आणि संशोधकांनी तसं स्वतः नमूद केलंय. नंतर केलेल्या वाटणीत एखादा गट चमकून दिसण्याची शक्यता नेहमीच असते. तरीही तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या टप्प्यावर सापडत होता, म्हणून पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईने तपासून घ्यावं असंच मी सांगेन. पण ते '३० टक्के' वाचून नाही, हे सगळं वाचून.

राहिलं 'हे तज्ज्ञांचं काम'. वरचा एकही प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. युगांडात १२० प्राथमिक शाळांतल्या १० हजारांहून जास्त मुलांवर चाचणी झाली, निकाल २०१७ मध्ये आला. निम्म्या शाळांत उपचारांबद्दलचे दावे कसे तपासायचे हे शिकवलं. त्या शाळांतली ६९ टक्के मुलं परीक्षेत उत्तीर्ण झाली, इतर शाळांतली २७ टक्के. वर्षभराने ८० आणि ५२. या आकड्यांनाही तोच नियम लावायला हवा: धडे आणि परीक्षा एकाच चमूने तयार केली होती, त्यामुळे फरक थोडा फुगलेला असू शकतो. मुंबई महापालिकेच्या शाळांत, सहावी-सातवीच्या वर्गांत, हे मराठीतून करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. शाळा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि प्रश्नपत्रिका धडे न लिहिणाऱ्याने काढावी.