पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारू नका

घरच्या ग्रुपवर काकांनी ‘साचलेल्या पाण्यातून गाडी काढायचे पाच नियम’ असा एक लांबलचक मेसेज टाकला. भाचीच्या हातात लायसन्स येऊन फार दिवस झालेले नाहीत. तिने खाली लगेच लिहिलं, ‘सेव्ह केलं, थँक्यू आजोबा’. पुढे तोच मेसेज आणखी दोन ठिकाणांहून माझ्याकडे आला. काकांचा हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल शंका नाही. पण त्या पाचातल्या एका नियमाने ठीकठाक इंजिन काही सेकंदांत निकामी होऊ शकतं आणि दुसऱ्याने माणूस दगावू शकतो, म्हणून हे लिहिते आहे.

मेसेज थोडक्यात असा आहे. पाणी दिसलं की वेग वाढवा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडू नका, कारण पाणी सायलेन्सरमधून शिरतं. एअर फिल्टर पाणी अडवतोच, तरी खात्री हवी असेल तर बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलला असते तशी जाळी किंवा कापड हवेच्या तोंडाला बांधा. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे तिला पाण्याची भीती नाही. गाडी बंद पडलीच तर न थांबता सेल्फ मारत राहा, तरी सुरू झाली नाही तर धक्का मारा. आणि शेवटचं, इंजिन चालू असेल तर पाणी सीटपर्यंत आलं तरी गाडी निघते.

चौथ्या नियमापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

इंजिन हवा ओढतं, ती दाबतं आणि मग इंधन जळतं. हवा दबते, पाणी जवळजवळ दबत नाही. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० मिली येतात. कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) १०:१ असेल तर पिस्टन, म्हणजे सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा दट्ट्या, अगदी वर पोचतो तेव्हा डोक्यावर उरलेली जागा साधारण ३३ मिली असते. म्हणजे दोन मोठे चमचे आणि वर थोडंसं. तेवढं पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला जागाच राहत नाही. तो थांबतो, पण खालून क्रँक (पिस्टनला जोडलेला, इंजिन फिरवणारा दांडा) त्याला रेटतच असतो. मग त्या दोघांमधला कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात.

गाडी पाण्यात अचानक बंद पडते तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं, आणि इंजिन हळू फिरत असेल तर रॉड अजून शाबूत असण्याची चांगली शक्यता असते. इंजिन वाचवायची संधी नेमकी या क्षणी असते आणि मेसेज नेमका याच क्षणी सेल्फ मारायला सांगतो. सेल्फ मारल्यावर ‘टक्’ असा एकच आवाज येऊन सगळं थांबतं. लोकांना वाटतं बॅटरी उतरली, म्हणून पुन्हा मारतात. एका सिलिंडरमध्ये पाणी आणि बाकीच्यांत हवा असेल तर त्या बाकीच्यांपैकी एखादा पेट घेतो आणि त्याच्या जोराने पाण्याचा सिलिंडर रेटला जातो. रॉड वाकायला एवढं पुरतं.

धक्का स्टार्ट तर याहून वाईट. सेल्फची मोटर फार जोर लागला की निदान अडकून थांबते. धक्का मारून गिअर टाकला की अख्ख्या गाडीचं वजन चाकांमधून क्रँकवर येतं आणि ते कशालाच थांबत नाही. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करू नका असं लिहिलेलं असतं. ते पान काढून वाचा.

मग करायचं काय? इग्निशन बंद करा, गाडीतून बाहेर पडा, सुरक्षित जागी जा आणि पाणी उतरलं की गाडी टोचन करून न्या. मेकॅनिक आधी एअर फिल्टरचा डबा उघडून आत ओल आहे का बघेल. ओल असेल तर प्लग काढेल (डिझेलमध्ये इंजेक्टर किंवा ग्लो प्लग), इंजिन पान्याने हाताने फिरवेल आणि त्या भोकांतून पाणी बाहेर येऊ देईल. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलून मगच सेल्फ. एवढ्यावर निभावतं, पण मध्ये कोणी चार वेळा सेल्फ मारलेला नसेल तरच.

डिझेलचा नियम कोणी लिहिला असेल याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. प्लग नाहीत म्हणून प्लग ओले होत नाहीत, एवढाच त्यात खरेपणा. डिझेलचा कॉम्प्रेशन रेशो १६:१ च्या आसपास असतो, म्हणजे पिस्टनच्या डोक्यावरची जागा आणखी कमी. १.५ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात ती साधारण २५ मिली. त्यात डिझेल इंजिनाची रेस पेट्रोलसारखी हवा आवळून कमी करत नाहीत, त्यामुळे ती कमी रेसलाही भरपूर हवा ओढतात. पाण्याची भीती डिझेलला जास्त आहे.

आता सायलेन्सर. इथे अर्धं खरं आहे ते मान्य करते. पाण्याच्या मधोमध गाडी बंद करू नये, रेस एकदम सोडू नये. चालू इंजिनाचा धूर पाणी बाहेर ढकलत राहतो. पण त्याला फुल रेस लागत नाही. ३० सेंमी पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या तीन टक्के असतो, तो पेलायला पहिल्या गिअरमधली एकसारखी, थोडी वाढवलेली रेस पुरते. वेग वाढवला की बोनेटपुढे लाट उठते आणि हवेचं तोंड बहुतेक गाड्यांत पुढेच, ग्रिलच्या वरच्या भागात किंवा हेडलाइटच्या मागे असतं. पाणी तिथून शिरतं. ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेऱ्या) पूर्ण रेस दिलेलं १.२ लिटरचं इंजिन सेकंदाला सुमारे ३० लिटर हवा ओढतं. लाटेचं पाणी तोंडाशी आलं तर तेही तितक्याच जोराने ओढलं जातं. आणि त्या वेगात पाणी आत गेलं तर इंजिन नुसतं बंद पडत नाही, बहुधा रॉडही वाकतो. माणूस चालतो त्या वेगाने जा, मध्ये गिअर बदलू नका, समोरच्या गाडीची लाट ओसरू द्या.

एअर फिल्टर कागदाचा असतो आणि तो धुळीसाठी असतो. भिजला की हवा अडते, आणखी भिजला की पाणी पलीकडे जातं. स्नोमोबाइलच्या जाळीबद्दल बोलायचं तर ती भुरभुरीत बर्फासाठी असते. बर्फाचे कण घन असतात, जाळीवर अडकतात, झटकले जातात. तिथेही ओला बर्फ जाळीवर चिकटून गोठतो तेव्हा इंजिनाचा श्वास कोंडतो आणि चालवणाऱ्याला उतरून हाताने जाळी मोकळी करावी लागते. म्हणूनच त्या यंत्रांत हवेचं तोंड मुळातच उंचावर ठेवतात. पाण्यात बुडलेली जाळी किंवा कापड काहीही अडवत नाही. मागून इंजिन ओढत असतं, पाणी आरपार जातं. सैल कापड आत ओढलं गेलं तर वेगळंच लफडं. पाण्यापासून वाचायचा खरा उपाय उंची हा आहे. नव्या लँड रोव्हर डिफेंडरची पाण्यातून जायची मर्यादा कंपनी ९०० मिमी सांगते, ती सगळी रचनाच तशी केलेली असते म्हणून. नेहमीच्या हॅचबॅकला ती लागू करू नका.

सीटपर्यंत पाण्याचा नियम मात्र मेसेजमधून ताबडतोब काढून टाका. अमेरिकेची नॅशनल वेदर सर्व्हिस वर्षानुवर्षं सांगते आहे की जोराने वाहणारं १२ इंच पाणी बहुतेक कार वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी एसयूव्हीसुद्धा. हिशेब करून बघा. चार मीटर लांब, १.७ मीटर रुंद आणि एक टन वजनाची गाडी तळापासून १५ सेंमी बुडली की तरंगायला लागते. तळ जमिनीपासून १७ सेंमीवर धरला तर एकूण ३२ सेंमी, म्हणजे साडेबारा इंच. सीटपर्यंत पाणी यायच्या आधीच चाकांची रस्त्यावरची पकड सुटलेली असते, मग इंजिन चालू असून उपयोग काय?

आणखी एक, मेसेजमध्ये नसलेलं. पाण्यातून सुखरूप निघालात, गाडी व्यवस्थित चालते आहे, तरी घरी पोचल्यावर इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. ते बदलल्याशिवाय पुन्हा गाडी सुरू करू नका. आणि नंतरच्या दिवसांत इंजिन एका सिलिंडरवर अडखळतंय, पहिल्यासारखं एकसारखं चालत नाही असं वाटलं तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. किंचित वाकलेल्या रॉडवर गाडी काही काळ चालते, आणि मग तो रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.